वाचक विचारतात : इटलीचे अर्थशास्त्री आणि सत्ता

प्रश्न : आपल्या वडोदऱ्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी १८८९ मध्ये ‘अन्योन्य’ ही सहकारी पतमंडळी काढली. इटलीत त्याआधीच ‘लोकबँका’ होत्या म्हणतात. त्या चालायच्या कशा? आणि त्या काढणारे मंत्री कसे झाले?
– एका पतपेढीचे संचालक, दांडिया बाजार

उत्तर : ‘अन्योन्य’ला इटलीचं लेबल लावायचं कारण नाही, पण पेच दोन्हीकडे एकच होता : तारण नसलेल्या माणसाला सावकाराच्या दारात न जाता कर्ज कसं मिळावं? लुइजी लुत्झात्ती यांनी १८६५ मध्ये मिलानची लोकबँक उभी केली. नमुना जर्मनीतल्या शुल्झ-डेलिच यांचा, पण एक मोठा बदल करून. जर्मन पद्धतीत सभासदाची जबाबदारी अमर्याद. बँक बुडाली तर घरदारावरही टाच. लुत्झात्तींनी ती सभासदाच्या भागापुरती (शेअरपुरती) मर्यादित ठेवली. कारण साधं होतं. अमर्याद जबाबदारी म्हटली की चार पैसे गाठीला असलेला दुकानदार आत यायलाच कचरतो, आणि मग फक्त गरजू उरतात.

पण घरदाराचा आधार सोडल्यावर ठेवीदारांनी विश्वास कशावर ठेवायचा? त्यासाठी भाग लहान ठेवले, राखीव निधी वाढवत नेला आणि हुंड्या वटवण्याआधी सभासदाची पत तोलणारी समिती नेमली. संचालकांना पगार नव्हता. अगदी गरिबांसाठी निव्वळ शब्दावर दिलेली छोटी ‘अब्रूची कर्जं’ही होती. सगळी मदार त्या समितीवर. ती ओळखीपाळखीने कर्जं वाटू लागली की मर्यादित जबाबदारीची बँक आधी कोसळते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

खेड्यात मात्र हे जमेना, कारण शेतकऱ्याकडे भाग घ्यायलाही पैसा नसे. म्हणून लेओने वोलेम्बोर्ग यांनी १८८३ मध्ये लोरेज्जा गावात जर्मनीतल्या रायफायझन यांच्या पद्धतीची, अमर्याद जबाबदारीची ग्रामीण पेढी काढली. सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे ती चालते. आपल्याकडच्या १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानेही हाच भेद केला : ग्रामीण संस्थांना साधारणपणे अमर्याद जबाबदारी, शहरी संस्थांना निवड.

आता मंत्रिपदाचं. वोलेम्बोर्ग १९०१ मध्ये अर्थमंत्री झाले. लुत्झात्ती अनेकदा खजिन्याचे मंत्री होते आणि १९१०-११ मध्ये पंतप्रधान. पत कशी तोलायची हे जाणणारा माणूस सरकारी कर्जाच्या वेळी कामी येतोच.

प्रश्न : १९४७ ची महागाई इटलीने कशी थोपवली?
– वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, रावपुरा

उत्तर : बँकांचा हात आखडून. अर्थशास्त्री लुइजी एइनाउदी १९४५ पासून बँक ऑफ इटली या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर होते. मे १९४७ मध्ये पंतप्रधान दे गास्पेरी यांनी कम्युनिस्ट आणि समाजवादी मंत्र्यांना वगळून नवं सरकार बनवलं आणि एइनाउदींना त्यात उपपंतप्रधान केलं. बँक ऑफ इटलीचा रोजचा कारभार तिचे महासंचालक मेनिकेल्ला पाहत होते.

तोवर बँका सढळ हाताने कर्ज देत आणि व्यापारी त्यावर माल दाबून ठेवत. ऑक्टोबरपासून नियम बदलला : वाढत्या ठेवींपैकी ४० टक्के राखून ठेवायचे, एकूण ठेवींच्या २५ टक्क्यांची मर्यादा गाठेपर्यंत. आपल्या सीआरआरसारखंच (बँकांनी ठेवींचा काही हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा नियम), फक्त फार कडक. बँकांनी कर्जं परत मागितली, साठेबाजांना माल बाजारात काढावा लागला, भाव उतरले. किंमतही मोजावी लागली : कारखान्यांना भांडवल मिळेना, उत्पादन मंदावलं. डाव्यांचा राग याच मुद्द्यावर होता, आणि तो सर्वस्वी गैरलागू नव्हता. १९४८ मध्ये एइनाउदी राष्ट्राध्यक्ष झाले.

प्रश्न : स्राफा यांनी इटली का सोडली?
– निवृत्त प्राध्यापक, सयाजीगंज

उत्तर : १९२२ मध्ये अर्थशास्त्री पिएरो स्राफा यांनी इटालियन बँकांच्या अडचणींवर इंग्रजीत लेख लिहिले. मुसोलिनीने त्यांच्या वडिलांना तार करून खुलासा मागितला, तो मिळाला नाही. १९२७ मध्ये केंब्रिजला जागा मिळाली आणि ते तिथेच राहिले. त्याआधीच, १९२६ मध्ये, त्यांचे मित्र, कम्युनिस्ट नेते ग्राम्शी यांना अटक झाली होती. मिलानच्या पुस्तकविक्रेत्याकडे स्राफांनी खातं उघडून दिलं, त्यावर ग्राम्शींना तुरुंगात पुस्तकं मिळत.

इटलीत राहिलेल्या अर्थशास्त्र्यांपैकी दे विती दे मार्को यांचं नाव विसरू नये. १९३१ मध्ये प्राध्यापकांना फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ सक्तीची झाली, तेव्हा त्यांनी शपथ न घेता अध्यासन सोडलं. स्राफा वाचायचे असतील तर १९६० चं पुस्तक आधी उघडू नका. ते शंभरेक पानांचं, पण फार अवघड. १९२६ चा उत्पादन-खर्चावरचा लेख आधी वाचा.