रोबोटिक शस्त्रक्रियेत निष्णात असलेला कोलोरेक्टल (मोठं आतडं आणि गुदाशयाचा) सर्जन कसा ओळखावा?

तुमच्या वडिलांना गुदाशयाचा कॅन्सर आहे, रेडिएशन होऊन गेलंय आणि ज्यांच्याकडे ऑपरेशन ठरतंय त्यांच्या परिचयात ‘रोबोटिक तज्ज्ञ’ असं लिहिलंय, त्याला किती महत्त्व द्यावं असं तुम्ही विचारलंय. द्या, पण निम्मंच. मी पुण्यात ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते, निवृत्तीआधीची बरीच वर्षं रोबोटच्याच थिएटरमध्ये काढली, त्यामुळे या विषयावर मला गप्प बसवत नाही.

रोबोट आपणहून काही कापत नाही. सर्जन कोपऱ्यात कन्सोलवर, म्हणजे रोबोटचे हात चालवायच्या टेबलावर बसतो. आमचे सर तर बूट काढून नुसत्या मोज्यांवर बसायचे, म्हणजे पायाखालचे पेडल नीट कळतात. पेशंटला खेटून उभे असतात ते असिस्टंट आणि सिस्टर. हत्यारं बदलणं, सक्शन, कधी कधी आतडं कापून टाचणारा स्टेपलरसुद्धा त्यांच्याच हातात. जाहिरातीत फोटो मात्र सरांचा आणि मशीनचा! तेव्हा तुम्ही सरळ विचारा की टेबलापाशी कोण असतं आणि ती टीम नेहमीची आहे का.

आता घरचंच सांगते. माझ्या धाकट्या दिरांना हाच आजार झाला. गाठ खूप खाली, पुरुषाचं अरुंद ओटीपोट, त्यात पोटाचा घेर मोठा आणि आधी रेडिएशन झालेलं. अशाच पेशंटला रोबोटचा फायदा सगळ्यात जास्त, कारण खाली तळाशी साधी लांब हत्यारं वळत नाहीत आणि याची मनगटासारखी फिरतात. घरचा पेशंट म्हणून मी हात धुऊन ऑपरेशनला उभी राहिले नाही, पण सरांची परवानगी काढून आत थांबले होते. त्यांनी गुदाशयाभोवतीची चरबी तिच्या पातळ आवरणासकट अखंड सोडवत नेली, बाजूच्या मज्जातंतू जपत. ही पद्धत इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड यांनी 1982 साली मांडली, तेव्हा रोबोटचा पत्ताही नव्हता. मग हिरवा डाय शिरेतून दिला, स्क्रीनवर आतडं हिरवंगार उजळलं, म्हणजे रक्तपुरवठा उत्तम. जोडणी झाली, स्टेपलरने कापलेल्या आतड्याच्या दोन्ही चकत्या अख्ख्या निघाल्या, म्हणजे जोड सगळीकडून नीट बसला. पोटात पाणी भरून खालून हवा सोडली, एकही बुडबुडा नाही, म्हणजे गळती नाही.

एवढं सगळं मनासारखं होऊनही सरांनी लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून तात्पुरती पिशवी लावली.

बाहेर पुतण्याचा पारा चढला. हिंजवडीत आयटीत आहे, सगळं वाचून आलेला. ‘‘काकू, रोबोटचे वेगळे पैसे घेतले, मग पिशवी कशाला? ह्यांना जमलं नाही, असंच ना?’’ मी समजावलं की जोड इतका खाली आणि तोही रेडिएशन झालेल्या आतड्यावर असला की पुढच्या काही दिवसांत गळायची भीती असते. सगळ्या चाचण्या चांगल्या आल्या तरी असते. गळलाच तर वरून मळ येत नसल्यामुळे माणूस निभावतो. त्याला काही पटलं नाही. पुढे केमो संपल्यावर डाय सोडून एक्स-रे काढला, जोड ठणठणीत निघाला आणि पिशवी बंद झाली. तर हा म्हणतो, ‘‘बघ, उगाच लावली होती.’’ आता अपघात झाला नाही म्हणजे हेल्मेट फुकट गेलं का? पण पुण्यात हे कुणाला सांगायचं!

माझं स्पष्ट मत, खरा निष्णात सर्जन इथेच ओळखू येतो. पिशवीमुळे घरचे नाराज होणार, परिचयातला ‘यशस्वी’चा आकडा फिका पडणार, हे ठाऊक असून जो ती लावतो तो. ‘‘आमच्याकडे रोबोट आहे, पिशवी लागणार नाही,’’ असं तपासण्यांआधीच सांगणाऱ्याकडून उठून यावं.

करिअरचं म्हणाल तर साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन एमएस, मग बहुतेकांचं तीन वर्षांचं एमसीएच, म्हणजे सुपरस्पेशालिटी, पोटाच्या किंवा कॅन्सरच्या सर्जरीतलं. रोबोट त्यानंतर. कंपनीच्या ट्रेनिंगचं प्रमाणपत्र म्हणजे मशीन चालवता येतं, एवढंच. खाली गुदाशयाच्या किती केसेस स्वतः केल्या आणि त्यातल्या किती ऐनवेळी पोट उघडून कराव्या लागल्या, हे विचारा. आकडा न सांगता जे चिडतात, त्यांच्याबद्दल मी काय बोलू.

एका बाबतीत मात्र पुतण्याचं मानायला हवं, मशीनने फरक पडतो. मी ‘मशीनने काही फरक पडत नाही’ म्हणायचे ते 2017च्या रोलार चाचणीच्या जोरावर, गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये रोबोट आणि साधी दुर्बीण यांची तुलना करणाऱ्या. तीत 471 पेशंट होते. ऑपरेशन पोट उघडून करावं लागण्याचं प्रमाण रोबोटमध्ये 8.1 टक्के, साध्या दुर्बिणीत 12.2. फरक दिसला, पण ठामपणे सिद्ध झाला नाही. पुढे चीनमधली मोठी चाचणी आली, तिच्या 2025च्या निकालात तीन वर्षांत तिथेच गाठ परत येण्याचं प्रमाण रोबोटमध्ये 1.6 टक्के आणि साध्या दुर्बिणीत 4. म्हणजे मुरलेल्या हातात मशीनचा उपयोग आहे. तरी पिशवीच्या बाबतीत मी एक पाऊल मागे येणार नाही.

वडिलांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे निर्णय ट्यूमर बोर्डाचाच, म्हणजे कॅन्सरच्या वेगवेगळ्या डॉक्टरांनी एकत्र बसून घेतलेला. विम्याच्या कागदात रोबोटिकसाठी वेगळी मर्यादा घातलीय का, तेही आधी बघा, बऱ्याच पॉलिसींत असते. आणि ऑपरेशनच्या आधी स्टोमा सिस्टरकडून, म्हणजे पिशवीची काळजी शिकवणाऱ्या सिस्टरकडून, पोटावर पिशवीच्या जागेची खूण करून घ्या, बसवून, उभं करून आणि वाकवून. वडील पँट किंवा लेंगा जिथे बांधतात ती जागा तिला दाखवा, नाहीतर पिशवी नेमकी नाडीखाली येते.