पेशंट कण्हत असेल आणि सिस्टर दुसरीकडे गुंतलेल्या असतील, तर मावशीने काय करावं?

मावशी म्हणून नव्याने लागलात आणि रात्रपाळीत पेशंटच्या दुखण्यापुढे हात बांधल्यासारखे वाटतात, असं तुम्ही लिहिलंय. गोळी आपण द्यायची नाही, नातेवाइकांनी घरून आणलेलीसुद्धा नाही. तरी करण्यासारखं पुष्कळ आहे.

आधी विचारा: आजी, कुठे दुखतंय, बोट ठेवून दाखवा. कधीपासून? हलल्यावर वाढतं का? 0 ते 10 मध्ये किती (0 म्हणजे अजिबात नाही, 10 म्हणजे सोसवतच नाही)? आकडा जमत नसेल तर थोडं, बरंच की सोसवत नाही, एवढं पुरे. पेशंटचा शब्द मात्र सिस्टरना जसाच्या तसा सांगा. 'सात नंबरच्या खाटेवरचा ओरडतोय' यातून त्यांना काही कळत नाही. जखमेत ठणका म्हटलं की पू झाल्याची शंका येते; पोटातला मुरडा वेगळा, पायातली चमक वेगळी. 'छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय' म्हणाले, घाम फुटला, तर पेशंटला उठू देऊ नका, तिथूनच सिस्टरना हाक मारा.

मग खाटेवर नजर फिरवा. युरिन बॅग रिकामी आणि ओटीपोट तट्ट? नळी बहुधा अंगाखाली दबलीय, मोकळी करा. सलाइनच्या जागी सूज असेल तर सांगा, सुईला हात लावू नका. प्लास्टर असेल तर बोटं बघाच. गार, निळसर, बधिर झाली असतील, किंवा बोट हळूच सरळ करताच पेशंट कळवळत असेल, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. आतल्या सुजेने रक्त अडलं की काही तासांत स्नायू मरतात.

प्रेमाने केलेली एक चूक महागात पडते: चोळणं. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्यावर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. डायबेटिसच्या बधिर पायाला शेकही नको, भाजलेलं त्यांना कळत नाही.

पोटाचं ऑपरेशन झालेल्यांना खोकताना टाक्यांवर उशी घट्ट धरायला द्या. स्पंजिंग (ओल्या कापडाने अंग पुसणं), कूस बदलणं शक्यतो सिस्टरनी दुखण्याची गोळी दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने करा. बोलता न येणाऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्या बघा, कुठला भाग हाताने जपतात ते बघा.

तासाभराने पुन्हा आकडा विचारा आणि सिस्टरना कळवा. दुखण्याचं जोरदार इंजेक्शन दिलं असेल तर 'झोपलेत, बरं झालं' म्हणून निघून जाऊ नका. श्वास मोजा, मिनिटाला 10 हून कमी असेल किंवा हाक मारून जाग येत नसेल, तर लगेच बोलवा.