यंत्र द्यावे की यंत्राचा खर्च?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही भावंडे आणि गावातील काही केळी बागायतदार मिळून वडिलांच्या स्मरणार्थ तालुक्यातील महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेला ५ लाख रुपये देऊ इच्छितो. तेथे केळीवरील हरण्या रोगावर, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूमुळे होणाऱ्या रोगावर, काम चालते. परंतु तेथील प्राध्यापकांना सरकारी अनुदान असल्याचे कळले. मग आमच्या पैशांची गरज आहे का? वडिलांच्या नावाची पाटी लावून एखादे यंत्र द्यावे का? करसवलत मिळेल का?
— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : गरज आहे, आणि ती अनुदान असूनही आहे. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग किंवा अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान यांच्याकडून येणारे पैसे बहुतेक वेळा एका ठरावीक प्रकल्पासाठी, साधारण तीन वर्षांच्या मुदतीने मंजूर होतात. उपकरणे, रसायने, संशोधन सहायकाचे मानधन, प्रवास ही लेखाशीर्षे, म्हणजे खर्चाचे कप्पे, मंजुरीच्या पत्रातच ठरलेली असतात आणि एका शीर्षाखालची रक्कम परवानगीवाचून दुसरीकडे वळवता येत नाही. आधीच्या रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र आणि हिशेब सादर झाल्यावरच पुढचा हप्ता सुटतो. जनतेचा पैसा असल्याने या अटी योग्यच आहेत. पण हप्ता लांबला म्हणून बागेतला रोग थांबत नाही. शिवाय प्रकल्प संपला की यंत्र तेवढे मागे राहते. ते चालवणारा सहायक, लागणारी रसायने आणि देखभालीचा करार हे सारे एकदमच संपते.

हरण्याचे खात्रीशीर निदान करायचे तर पानातून विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, काढून आरटी-पीसीआर तपासणी करतात. आरएनए फार लवकर विघटित होतो, म्हणून दीर्घकाळ जपायचे नमुने उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवावे लागतात. बाहेर ४५ अंशांचे ऊन, तापलेली खोली आणि मध्येच गेलेली वीज, अशा आपल्याकडच्या मे महिन्यात त्या फ्रीझरवर किती ताण येत असेल, याची कल्पना आपणांस सहज येईल. असाच बंद पडलेला एक फ्रीझर मी एका प्रयोगशाळेत पाहिला आहे. दुरुस्तीची तरतूद कोणत्याच शीर्षाखाली नव्हती आणि दोन हंगामांचे नमुने वाया गेले होते. ते नमुने बांधोबांध फिरून गोळा करणारी विद्यार्थिनी तेव्हा शेजारीच उभी होती.

म्हणून माझे मत असे की नवे यंत्र घेऊन देऊ नये. असलेले यंत्र चालू राहील, यासाठी पैसे द्यावेत आणि त्या निधीला वडिलांचे नाव द्यावे. रक्कम मुदत ठेवीत ठेवून व्याज वापरावे, असे कोणी सुचवील. सात टक्के दर धरला तर वर्षाला ३५,००० रुपये येतील. कनिष्ठ संशोधन अधिछात्राचे (जेआरएफ, म्हणजे प्रकल्पावर काम करणाऱ्या नवख्या संशोधकाचे) एका महिन्याचे मानधनच १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये आहे. त्यापेक्षा दरवर्षी एक लाख याप्रमाणे पाच वर्षे रसायने, दुरुस्ती आणि विजेची पर्यायी सोय यांवर खर्च झालेला मला अधिक उपयोगाचा वाटतो. आपल्याला दरवर्षी हिशेब मिळावा, हे देणगीपत्रात अवश्य लिहावे. मात्र निष्कर्षावर कोणतीही अट घालू नये. हरण्याचा प्रसार मावा किडीमुळे होतो आणि काकडीवर्गीय पिकांतही हा विषाणू राहतो. उद्या संशोधनाने रोपे पुरवणाऱ्यांऐवजी आपल्याच आंतरपिकाकडे बोट दाखवले, तरी तो निष्कर्ष छापण्याची मोकळीक प्राध्यापकांना असली पाहिजे.

अशा देणग्यांवर सरकारचीही भिस्त आहे. वर उल्लेखिलेल्या प्रतिष्ठानासाठी २०२३ ते २०२८ या काळात ५०,००० कोटी रुपये उभारायचे ठरले, तेव्हा त्यांतील सुमारे ३६,००० कोटी उद्योग, देणगीदार अशा बिगरसरकारी स्रोतांतून येतील, असे धरले होते.

करसवलतीबद्दल थोडक्यात सांगतो. संस्थेला आयकर विभागाची तशी मान्यता असेल, तर साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत मिळते, परंतु ती फक्त जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना. आणि २,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास मिळत नाही. ज्यांचे सारे उत्पन्न केळीच्या बागेचेच आहे, त्यांना मुळात आयकरच नसल्याने या सवलतीचा उपयोग होणार नाही.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. तो अशा प्रयोगशाळेला थेट पैसे पाठवू शकतो का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : त्याचे भारतीय नागरिकत्व कायम असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवणार असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. त्याने तेथील नागरिकत्व घेतले असेल, तर मात्र तो भारतीय वंशाचा असला तरी विदेशी अंशदान कायदा लागू होतो. अशा वेळी स्वीकारणाऱ्या संस्थेकडे त्या कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेत त्यासाठीचे खाते असावे लागते. पैसे पाठवण्यापूर्वी संस्थेकडून याची लेखी खात्री करून घ्यावी.