निवेदन तूच वाच

प्रिय मित्रा,

तुझ्या माहितीपटाचा रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जुळणी, पाहिली. पाडलेल्या चाळींचं जुनं फुटेज तू चिकाटीने जमवलंयस. पण निवेदनाचा तो भारदस्त आवाज भाड्याने आणलाय, हे पहिल्याच वाक्यात कळतं. आणि पत्रात विचारतोस, ‘माझं गे असणं यात आणू का?’ त्यासाठी तुला टेरेन्स डेव्हिस या ब्रिटिश चित्रपट दिग्दर्शकाची गोष्ट सांगते.

जन्म १९४५चा, लिव्हरपूलच्या कामगारवस्तीतला. घर कॅथलिक, वडील मारकुटे, भावंडांत हा शेंडेफळ. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, मग दहाएक वर्षं कारकुनी आणि हिशेबाच्या वह्या. १९६७ साली इंग्लंड-वेल्समध्ये २१ वर्षांवरच्या पुरुषांचे खासगी समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले गेले, तेव्हा तो नेमका २१चा होता. कायद्याने सोडलं, पण अपराधीपणाने नाही. त्याआधी गुडघे रक्ताळेपर्यंत प्रार्थना करून झाली होती. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, त्या २०१८च्या निकालानंतरही घराघरांत काय चालतं, ते तुला मी सांगायला नको.

पुढे त्याच्या कथापटांचं नाव झालं, तरी २००० नंतर आठ वर्षं त्याचा एकही चित्रपट आला नाही. पैसाच उभा राहत नव्हता. २००८ साली लिव्हरपूल युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं. त्या निमित्ताने कमी खर्चाच्या चित्रपटांसाठी निघालेल्या योजनेतून त्याने ‘ऑफ टाइम अँड द सिटी’ केला. हा त्याचा पहिला माहितीपट, वयाच्या बासष्टीत. बहुतेक फुटेज दुसऱ्यांनी टिपलेलं, निवेदन मात्र स्वतःचं.

त्यातला एक तुकडा पुन्हापुन्हा बघ. जुन्या घरांच्या रांगा पडतायत, त्यांच्या जागी काँक्रीटचे टॉवर उभे राहतायत, आणि वर अमेरिकन गायिका पेगी लीचं गाणं: टेकडीवर घर बांधू, तिथेच म्हातारे होऊ. निवेदन गप्प. सरकारने काय कबूल केलं आणि लोकांच्या पदरी काय पडलं, हे तो बोलतच नाही, पण आपला घसा दाटतो. तुझ्या बुलडोझरच्या दृश्यावर तू आकडेवारी वाचून दाखवतोस. ती काढ.

आता तुझा प्रश्न. पोरवयात तो कुस्तीचे सामने बघायला जायचा. पैलवानांकडे बघताना वाटणारी ओढ आणि लगोलग येणारी पापाची भीती, दोन्ही तो शहराच्याच आठवणीत सांगतो. त्यासाठी वेगळं प्रकरण काढत नाही. तुझ्याकडे जिन्याखालच्या नळावर आंघोळ करणाऱ्या गिरणीकामगारांचा शॉट आहे. तो तू तीन सेकंदांत कापलास. का कापलास, तुला ठाऊक आहे. तो लांबव, आणि त्यावर जे खरंच वाटलं ते फोनवर रेकॉर्ड कर. अडखळलास तरी चालेल.

एका बाबतीत मात्र त्याच्या मागे जाऊ नकोस. गे असण्याने आयुष्य नासलं, असं तो उघड म्हणायचा, आणि २०२३ साली जाईपर्यंत एकटाच राहिला. ते दुःख खरं होतं, पण चांगल्या कामासाठी ती किंमत मोजावीच लागते, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. तुझा जोडीदार आहे, मित्र आहेत. त्यांना रफ कट दाखव.

घरी आधी सांगायचं की महोत्सवाला पाठवल्यावर, हे तू ठरव. त्यात मी पडणार नाही, आणि कुणाला पडूही देऊ नकोस. फुटेजच्या हक्कांची लेखी परवानगी मात्र याच आठवड्यात घे.

तुझी,
ताई