‘तीन-चार वर्षांपासून ॲसिडिटी’ या एका ओळीवरून क्लेम नाकारला

प्रश्न: कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीनशॉप आहे. आईला (वय ६१) जेवण झालं की छातीत जळजळ व्हायची, रात्री आडवं पडलं की आंबट पाणी घशाशी यायचं. जुलै २०२५ मध्ये एंडोस्कोपीत हायटस हर्निया निघाला, सप्टेंबरमध्ये दुर्बिणीने ऑपरेशन झालं. बिल २ लाख ३५ हजार. ऑक्टोबरात कंपनीने क्लेम नाकारला. एक कारण, हर्नियाला २४ महिन्यांचा वेटिंग पिरियड (पॉलिसी घेतल्यावर तेवढा काळ त्या आजाराचा खर्च मिळत नाही). दुसरं, आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा. माझी पहिली पॉलिसी जानेवारी २०२३ ची, ३ लाखांची. जानेवारी २०२५ ला एजंटने कंपनी बदलून ५ लाखांची करून दिली. ऑपरेशननंतर आईला भाकरीचा घास अडकतो, तेव्हा डॉक्टरांवरही केस करावी का?

उत्तर: तुमच्या पत्रातल्या ‘कंपनी बदलून’ या शब्दांवर मी थांबलो. एजंटने पॉलिसी पोर्ट केली, म्हणजे जुनी वर्षं धरून दुसऱ्या कंपनीकडे नेली, की जुनी सोडून देऊन नवी काढली? तोंडी दोन्हीला ‘बदलून दिली’ असंच म्हणतात, पण कायद्याच्या दृष्टीने फरक जमीन-अस्मानाचा. पॉलिसीच्या पहिल्या पानावरच्या तक्त्यात ‘प्रथम सुरू झाल्याची तारीख’ शोधा. तिथे जानेवारी २०२३ असेल, तर जुन्या कंपनीकडे काढलेली दोन वर्षं मोजावीच लागतात. ऑपरेशनपर्यंत ३२ महिने झाले. हा फायदा जुन्या विमा रकमेपुरता, म्हणजे ३ लाखांपर्यंतच मिळतो. तुमचं बिल त्याच्या आत आहे. पहिलं कारण तिथेच पडतं. पण तारीख २०२५ ची असेल, तर मी खोटी आशा दाखवणार नाही. मग २४ महिन्यांची अट तुम्हाला लागू आहे आणि भांडण एजंटशी आहे.

‘हर्निया म्हणजे जांघेतला, हा तर छातीतला’ असा वाद कुणी सुचवला तर घालू नका. हायटस हर्नियात जठराचा वरचा भाग छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या भोकातून छातीत सरकतो, तोही हर्नियाच. बहुतेक पॉलिसींत शब्द असतात ‘सर्व प्रकारचे हर्निया’.

खरी लढाई दुसऱ्या कारणावर आहे. पूर्वीच्या आजाराचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो आणि तुमचे ३२ च झालेत. म्हणजे पॉलिसीत तेवढी अट असेल आणि आजार आधीचा ठरला, तर तुम्ही हरता. आता डिस्चार्ज कार्ड काढा. वरच्या भागात, आजाराच्या इतिहासात, ‘३-४ वर्षांपासून ॲसिडिटी’ अशी ओळ असणार. मी पैजेवर सांगतो, कंपनीचं अख्खं नकारपत्र त्या ओळीवर उभं आहे. ती कुणी लिहिली? बहुधा दाखल करताना रात्री ड्यूटीवरच्या डॉक्टरने विचारलं, ‘त्रास कधीपासून?’, आणि घाबरलेल्या घरच्यांपैकी कुणीतरी अंदाजाने सांगितलं.

‘पूर्वीपासूनचा आजार’ याची व्याख्या मात्र अंदाजावर चालत नाही. पॉलिसीच्या आधी ठराविक काळात (आताच्या नियमाने ३६ महिने) डॉक्टरने निदान केलेला, किंवा ज्यासाठी डॉक्टरचा सल्ला वा उपचार घेतलेला आजार, तोच पूर्वीचा. मिसळ खाऊन आल्यावर इनोचं पाकीट पाण्यात टाकलं, तो उपचार नव्हे. नाहीतर निम्मं कोल्हापूर विम्याबाहेर पडेल. शिवाय ॲसिडिटी म्हणजे हायटस हर्निया नव्हे. हर्निया नसताना जळजळ होते, आणि हर्निया असून वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. निदान झालं ते जुलै २०२५ च्या एंडोस्कोपीत. आजार आधीचा होता हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची. पण २०२३ पूर्वी आईने या त्रासासाठी डॉक्टरला दाखवून चिठ्ठीवर गोळ्या घेतल्या असतील, तर ते मला आधी सांगा. सुनावणीत कंपनीने ती चिठ्ठी काढली तर पंचाईत होते.

म्हणून सर्जनकडून एक दाखला घ्या: आई पहिल्यांदा कधी आली, निदान कोणत्या तपासणीने आणि कोणत्या तारखेला झालं, ‘३-४ वर्षं’ कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं. डिस्चार्ज कार्डात खाडाखोड करून मागू नका. कंपनीकडे पहिली प्रत गेलेली आहे. दवाखान्याकडे लेखी अर्ज करून आतले सगळे केसपेपरही मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ते ७२ तासांत द्यावे लागतात. कंपनीकडून प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत मागवा. तो एजंटनेच भरला असेल आणि तुम्ही फक्त सही केली असेल, तर आत काय लिहिलंय ते आताच कळलेलं बरं.

हे हातात आलं की कंपनीच्या तक्रार विभागाला अर्ज करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) जा. फी नाही, वकील लागत नाही (माझं नुकसान, पण खरं आहे), मुदत एक वर्षाची. दुसरा रस्ता कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथे मुदत दोन वर्षं. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही. आधी लोकपाल, असं माझं मत. तिथला निर्णय मान्य नसेल तर आयोग आहेच. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथेच आलंय, म्हणून ‘थेट तिथेच टाकूया’ म्हणणारे रोज भेटतात. या कामाचा तो दरवाजा नव्हे.

राहिले डॉक्टर. या ऑपरेशनमध्ये पडद्याचं भोक शिवून लहान करतात आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या टोकाभोवती गुंडाळतात. त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे घास अडकणं नेहमीचं. तेवढ्यावर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. सर्वसाधारण कौशल्याच्या सर्जनने जे केलं नसतं ते केलं, असं तज्ज्ञाच्या मताने दाखवावं लागतं. त्रास कमी न होता वाढत असेल, किंवा पाणीही उतरत नसेल, तर आईला लगेच त्यांच्याकडे न्या. आणि साधा हिशेब करा: विमा कंपनीविरुद्ध तुमचा सर्वात मोठा साक्षीदार हेच सर्जन आहेत. आज नोटीस पाठवलीत, तर उद्या दाखला कोण देईल? ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत इथेही आहे, घाई नाही.

लोकपालांकडचा अर्ज आईच्या नव्हे, तुमच्या नावाने करा. पॉलिसी तुमच्या नावावर आहे.