शेजाऱ्यांचं घर आगीत जळालं. गावाने नेमकी कशी मदत करावी?

तुम्ही लिहिलंय की परवा रात्री गॅस पेटून शेजारच्यांचं मातीच्या भिंतींचं, पत्र्याचं घर जळालं, माणसं वाचली, दोन शेळ्या गेल्या आणि गावातली पोरं उद्या राख उपसायला जाणार आहेत. त्या पोरांना आधी थांबवा. पंचनामा होण्याआधी राख हलली तर नुकसान किती झालं हे दाखवायला काही उरत नाही.

आजच तलाठ्याला कळवा, तहसीलदारांच्या नावे अर्ज द्या आणि पोलीस ठाण्यात आकस्मिक जळिताची नोंद करून तिची प्रत घ्या. अग्निशमनची गाडी आली असेल तर त्यांचा दाखलाही मागा. घराचे चारही बाजूंनी, आतून आणि छताचे फोटो काढून ठेवा. शेळ्या पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलवा. त्यांच्या दाखल्याशिवाय जनावरांची मदत अडते. पुरल्या असतील तर फोटो आणि पंचांचे जबाब पंचनाम्यात घ्यायला सांगा.

पंचनाम्यावर सही करण्याआधी तो शब्दन् शब्द वाचा. केंद्राच्या 2022-26 च्या आपत्ती निकषांत पूर्ण पडलेल्या घराला, कच्चं असो वा पक्कं, सपाट भागात 1,20,000 रुपये आहेत आणि डोंगरी भागात 1,30,000. अंशतः पडलेल्या कच्च्या घराला 4,000 आणि झोपडीला 8,000. म्हणजे मातीच्या भिंती पाहून कुणी घाईत ‘झोपडी’ लिहिलं, किंवा भिंती उभ्या दिसल्या म्हणून ‘अंशतः’ लिहिलं, तर त्या एका शब्दाने लाखभर रुपये जातात. छत गेलं, वासे जळाले, भिंती भाजून तडकल्या, घर राहण्याजोगं उरलं नाही, हे स्पष्ट नोंदवून घ्या. कुटुंबामागे कपड्यांचे 2,500 आणि भांड्यांचे 2,500, शेळीमागे 4,000 हे त्याच निकषांत वेगळे धरलेत. धान्य किती पोती, पत्रे किती, सगळं आकड्यात लिहा. सध्याचा दर तहसीलमध्ये विचारून घ्या.

दुसरी अडचण नावाची. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, म्हणजे घरपट्टीच्या आकारणी उताऱ्यावर, घर अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असतं, मग भावांच्या संमतीपत्रावाचून पैसे अडून राहतात. तो उतारा आजच काढून पाहा.

गॅसने आग लागली असेल तर तेल कंपन्यांचा अपघात विमा असतो, त्यासाठी ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. कनेक्शनच्या नोंदलेल्या पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीला एका घटनेत जास्तीत जास्त 2 लाख. एजन्सीला लेखी कळवून पोच घ्या. सिलेंडर, रेग्युलेटर, नळी भंगारात देऊ नका. तपासणीला तेच लागतात. अजून वास येत असेल तर गॅसगळतीच्या 1906 या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

पंचनामा झाल्यावरच राख काढा, तीही चाळणीने, कपाट आणि देव्हाऱ्याच्या जागेपासून सुरुवात करून. दागिना वितळून गोळा झालेला असतो आणि तो काळ्या ढेकळासारखा दिसतो, म्हणून फेकला जातो. जळक्या नोटा सुट्या करायला जाऊ नका. गठ्ठा आहे तसा कापसात ठेवून डब्यात बंद करा. पार कोळसा झालेल्या नोटा गावातली बँक घेत नाही, त्या रिझर्व्ह बँकेच्या मुंबई किंवा नागपूर कार्यालयात न्याव्या लागतात. 50 रुपयांपासून वरच्या नोटेचा एकसंध मोठा तुकडा 80 टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण किंमत मिळते, 40 ते 80 टक्के असेल तर निम्मी.

धुराने कोंदलेलं किंवा पाण्याने भिजलेलं धान्य, तापलेले डबे आणि औषधं कुणालाही खायला देऊ नका. विझवताना पाणी प्यालेल्या मातीच्या भिंती दोन-चार दिवसांनी अचानक बसतात, मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. जुन्या वायरिंगवर वीज जोडायची नाही, मीटर महावितरणकडून बंद करून घ्या.

कागदपत्रांचा क्रम महत्त्वाचा: आधी सिमकार्ड, कारण आधार डाउनलोड करायला ओटीपी लागतो. आधार, मग पासबुक, कारण मदत खात्यात जमा होते. रेशनकार्डाची दुसरी प्रत तहसीलच्या पुरवठा शाखेत मिळते. दहावीचं गुणपत्रक शाळेमार्फत विभागीय मंडळाकडून.

गावच्या वर्गणीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जुने कपडे गोळा करू नका. त्यांचा ढीग निवडत बसायचं काम जळालेल्या घरातल्या बाईच्याच गळ्यात पडतं. घरातल्या माणसांची मापं विचारून प्रत्येकाला दोन नवे जोड, अंतर्वस्त्रं आणि चप्पल घ्या. एक शेगडी, तवा, दोन पातेली, परात, कळशी, अंथरुणं आणि महिन्याचा किराणा एवढं पहिल्या दिवशी पुरतं. उरलेले पैसे घरातल्या बाईच्या खात्यात भरा आणि हिशेबाची वही एकाच माणसाकडे ठेवा. मुलांच्या पाठ्यपुस्तकांसाठी मुख्याध्यापकांना आजच भेटा, शाळेत जादा संच शिल्लक असला तर लगेच मिळतो.