मुंग्या हाकलण्याआधी त्यांची वाट शोधा

तुम्ही विचारलंय की हळद, मीठ, लिंबू सगळं करून झालं, तरी दोन दिवसांनी ओट्यावर पुन्हा मुंग्यांची रांग लागतेच. शिवाय घरात रांगतं बाळ आहे, त्यामुळे फवारा मारायचा नाही. मीही दोन वर्षं याच चक्रात अडकले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे रांग दिसली की लगेच ती पुसू नका. मी आधी तेच करायचे. एका रात्री मात्र बॅटरी घेऊन जमिनीवर बसले आणि एकेक मुंगी कुठे जाते ते बघत राहिले. ओट्याच्या कडेने खाली, फरशीच्या सांध्यातून सरळ, मग कपाटाच्या मागून खिडकीच्या चौकटीपर्यंत. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात रंगाचा पोपडा सुटला होता आणि त्याखाली टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं. दोन वर्षं मी ओट्यावर हळद टाकत होते आणि दार होतं तिथे! तुमच्याकडेही असं एखादं भोक असणार. रांग सापडत नसेल तर कागदावर मधाचा एक थेंब ठेवा आणि तासाभराने परत जाणाऱ्या मुंग्यांच्या मागे जा. येणाऱ्या नाही, जाणाऱ्या. त्या वारुळाकडेच जातात.

रांग पुन्हा पुन्हा त्याच जागी का लागते, हेही लक्षात घ्या. खाणं सापडलेली मुंगी घरी परतताना पोट टेकवत जमिनीवर वासाची रेघ सोडत जाते. बाकीच्या त्या वासावरून येतात आणि येता-जाता तो आणखी गडद करतात. मुंग्या मारल्या तरी तो माग तसाच राहतो. नुसत्या ओल्या फडक्याने तो नीट जात नाही, साबणाचं पाणी लागतं. भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब वाटीभर पाण्यात घालून अख्खी वाट पुसा, फक्त ओट्यावरचा तुकडा नाही. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करूनही चालतं, पण संगमरवरावर किंवा तसल्या दगडावर व्हिनेगर आणि लिंबू दोन्ही लावू नका, चकाकी कायमची जाते.

हळद, मीठ, दालचिनी, खडूची पूड यांचं म्हणाल तर ती खोटी नाहीत, पण त्यांचं काम थोडं आहे. कोरड्या भुकटीवरून चालायला मुंग्या टाळाटाळ करतात, म्हणून रांग वळते. वळते म्हणजे थांबत नाही. वितभर अंतरावरून दुसरी वाट काढतात, आणि भुकटी ओली झाली की तेवढाही उपयोग उरत नाही. भोक बुजवेपर्यंत एक-दोन दिवस अडवायला ठीक. एक मात्र कळकळीने सांगते, बाजारात मुंग्यांसाठी मिळणारा खडू म्हणजे साधा खडू नव्हे, त्यात कीटकनाशक असतं. रांगत्या बाळाच्या घरात जमिनीवर त्याची रेघ ओढू नका.

भोक सापडलं की पुट्टी किंवा सिलिकॉन भरून बुजवा. आमच्याकडे निम्मा त्रास तिथेच संपला.

उरलेल्या निम्म्यासाठी आमिष. बाहेर दिसतात त्या फक्त चारा आणणाऱ्या कामकरी मुंग्या, वारुळातल्या एकूण मुंग्यांचा लहानसा भाग. राणी आत अंडी घालतच असते. कामकरी गोड रस पोटात साठवून नेतात आणि आतल्यांना तोंडातून तोंडात भरवतात, आमिष पोहोचतं ते याच मार्गाने. अर्धा लिटर कोमट पाणी, 50 ग्रॅम साखर आणि 5 ग्रॅम बोरिक पावडर, नीट विरघळेपर्यंत ढवळा. पावडर वाढवायचा मोह टाळा. जास्त झाली की मुंग्या खात नाहीत, किंवा वारुळात पोहोचण्याआधीच मरतात आणि सगळी मेहनत वाया जाते. कापसाचा बोळा त्यात भिजवून झाकणाच्या डबीत ठेवा आणि डबीला बारीक भोकं पाडा. पहिल्या दिवशी मुंग्या वाढलेल्या दिसतील. घाबरू नका, मारू नका आणि त्या जागी व्हिनेगर पुसू नका. मला आठवडाभर बोळे बदलावे लागले होते, मग रांग विरळ होत गेली.

पण बोरिक पावडर पोटात गेली तर माणसालाही अपाय करते. त्यामुळे डबी बाळाचा हात पोहोचणार नाही अशाच जागी, शक्यतो खिडकीबाहेर किंवा कपाटाच्या वर. मांजर-कुत्रं असेल तर त्याचाही विचार करा. उरलेल्या बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहा. सुरक्षित जागा मिळत नसेल तर आमिषाच्या वाटेला जाऊच नका. भोक बुजवणं आणि साबणाचं पाणी यावरच भर द्या, वेळ लागेल पण होईल.

गोडाकडे ढुंकून न बघणाऱ्या मुंग्याही असतात, त्यांना तेलकट लागतं. कागदावर शेजारी-शेजारी मध आणि तेलाचा थेंब ठेवून बघा, कुठे गर्दी होते ते लगेच कळेल. त्याप्रमाणे आमिष बदला.

खिडकीत कुंड्या असतील तर पानं उलटी करून बघा. मावा किंवा पिठ्या ढेकूण (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) असतील तर त्यांच्या अंगातून येणाऱ्या गोड चिकट रसासाठी मुंग्या तिथे येतात आणि मग घरात शिरतात. आधी ते झाड धुवा.

आणि बाळाचं खाणं आजच वाचवायचं असेल तर डबा पाण्याच्या ताटलीत ठेवा, पाण्यात साबणाचा एक थेंब घालून. नुसत्या पाण्याच्या पृष्ठभागावरून लहान मुंग्या चालत जाऊ शकतात, साबण असला की बुडतात. भोक सापडलं का ते नक्की कळवा, आणि कुठे होतं तेही लिहा.